एसएसएच की टाकली तरी गिट पासवर्ड का मागतंय?

तुम्ही म्हणताय की गिटहबवर एसएसएच की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी दोन फाइलींची जोडी, एक उघडी आणि एक गुप्त) टाकून झाली तरी पुश करताना, म्हणजे कोड वर पाठवताना, पासवर्ड मागतंय आणि बरोबर पासवर्ड देऊनही नाही म्हणतंय. तर की राहू दे बाजूला, आधी रेपोच्या, म्हणजे तुमच्या प्रोजेक्टच्या, फोल्डरमध्ये जाऊन 'गिट रिमोट -व्ही' चालवा. पत्ता एचटीटीपीएसने सुरू होत असेल तर घोळ तिथेच आहे, त्या पत्त्यावर एसएसएच की वापरलीच जात नाही, मग तुम्ही दहा की टाका. आणि खात्याचा पासवर्ड गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामाला घेणंच बंद केलंय. माझा पहिल्यांदा अख्खा दिवस ह्यात गेला, तीनदा की नव्याने बनवली आणि दोष कीचा नव्हताच. रेपोच्या पानावर कोडच्या बटणात एसएसएचचा पत्ता मिळतो तो कॉपी करा, 'गिट रिमोट सेट-युआरएल ओरिजिन' च्या पुढे पेस्ट करा, झालं.

ह्यानंतर 'परमिशन डिनाइड' आणि कंसात 'पब्लिककी' आलं तर घाबरू नका, निदान आता एसएसएचनेच जातंय. मग एसएसएच कमांडला छोटा व्ही आणि मोठा टी लावून गिटहबला जोडून बघा, भरपूर ओळी येतील, त्यात 'ऑफरिंग पब्लिक की' वाली शोधा, पुढे फाइलचं नाव असतं. तुमची फाइल तिथे नसेल तर बहुतेक तुम्ही की बनवताना तिला स्वतःचं नाव दिलंय, एसएसएच आपणहून फक्त ठरलेल्या नावांच्या फाइल बघतं, म्हणून एसएसएच-ॲडने ती एजंटला (की लक्षात ठेवणाऱ्या प्रोग्रामला) द्या नाहीतर एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये आयडेंटिटीफाइल म्हणून लिहा. सगळं जुळलं की 'हाय' आणि तुमचं नाव येतं, सोबत शेल ॲक्सेस देत नाही असंही येतं, ती एरर नाही, बरेच जण तिथे उगाच अडकतात.

एक मात्र मनापासून सांगतो, वेबसाइटवर फक्त डॉट पब वाली फाइल टाकायची, दुसरी, डॉट पब नसलेली गुप्त फाइल कुणालाही द्यायची नाही, मदत करणाऱ्यालाही नाही. मार्च २०२३ मध्ये खुद्द गिटहबची आरएसए होस्ट की, म्हणजे सर्व्हर त्यांचाच आहे हे पटवणारी गुप्त की, थोडा वेळ एका पब्लिक रेपोत उघडी पडली होती आणि त्यांनी ती सरळ बदलून टाकली. तुम्ही ती दुसरी फाइल मेलमध्ये किंवा चॅटवर कधी पेस्ट केली असेल तर आजच सेटिंग्जमधून ती की काढा आणि पासफ्रेज (कीच्या फाइलचा स्वतःचा पासवर्ड) लावून ईडी२५५१९ प्रकारची नवी की बनवा.