सर कधी रिंगमध्ये उतरले होते का?

मागच्या लेखात मुए थायबद्दल (ठोसे, कोपरं, गुडघे आणि किक यांनी लढायचा थायलंडचा खेळ) मी जरा तावातावात एक वाक्य लिहून गेलो: ‘ज्याने रिंगमध्ये मार खाल्ला नाही, त्याच्याकडून मुए थाय शिकू नये.’ त्यावर बरीच पत्रं आली. काहींनी पाठ थोपटली, काहींनी कान उपटले. त्यातले चार प्रश्न इथे घेतो.

माझी मुलगी ११ वर्षांची आहे. तिच्या क्लासच्या सरांनी एकही सामना लढलेला नाही, पण भिंतीवर सहा प्रमाणपत्रं फ्रेम करून लावली आहेत. क्लास बदलू का? (एक पालक, पनवेल)

लगेच नका बदलू. इथे माझं ते वाक्य मलाच थोडं गिळावं लागतंय. रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. शिवाजी पार्कवर त्यांनी काय घडवलं ते मी सांगायला नको. मुष्टियोद्धा माइक टायसनला घडवणारे कस डी'अमाटोही व्यावसायिक मुष्टियोद्धे नव्हते.

सहा प्रमाणपत्रं मोजू नका. सरांना एवढंच विचारा, की परीक्षेत करून काय दाखवायला लागलं? हवेत किक मारून पास झाले असतील, तर ती फ्रेम भिंतीचा पोपडा झाकायला ठीक आहे. मग एक दिवस क्लासमध्ये तासभर नुसते बसा. स्पारिंगला (सरावाच्या लढतीला) जोड्या कशा लावतात ते बघा. एखाद्या मुलाच्या डोक्याला लागलं तर ‘पाणी पी, चल उठ’ म्हणतात, की त्याचा सराव तिथेच थांबवून पालकांना फोन करतात? दुसरं करत असतील तर मुलीला तिथेच राहू द्या. या वयात डोक्यावर मारायचा सराव मात्र माझ्या मते नकोच, सर कितीही लढलेले असोत.

वय ३४, आयटीत नोकरी. थायलंडमध्ये दहा दिवसांचा प्रशिक्षक कोर्स करून पुण्यात क्लास काढायचा विचार आहे. सामना लढायची इच्छा नाही. जमेल का? (हिंजवडी)

क्लास निघेल. घाम गाळायला येणाऱ्यांना तुम्ही व्यवस्थित शिकवालही. अडचण येईल ती तुमचा पहिला विद्यार्थी ‘सर, मला लढायचंय’ म्हणेल त्या दिवशी.

एक उदाहरण देतो. बँकॉकच्या राजदमनर्न स्टेडियमवरचा पारंपरिक सामना तीन-तीन मिनिटांच्या पाच फेऱ्यांचा असतो, मध्ये दोन-दोन मिनिटांची विश्रांती. पहिली फेरी बघून नवखा जांभई देतो, कारण दोघं नुसते एकमेकांचा अंदाज घेत असतात आणि कठड्यावरचे जुगारी भाव ठरवत असतात. खरा निकाल बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या फेरीत लागतो. तिथे बरगडीवर बसलेली किक आणि क्लिंचमधला (एकमेकांना मानेला धरून लढतानाचा) गुडघा यांचं वजन ठोशापेक्षा जास्त. ज्याचा तोल गेला तो मागे पडला. पाचव्या फेरीत आघाडीवर असलेला लढवय्या चक्क मागे सरकत, ‘टीप’ (पायाने ढकलणारी किक) मारून समोरच्याला लांब ठेवत वेळ काढतो. आपल्याला वाटतं घाबरला. तो मात्र ‘मी जिंकलोय, आता तू काय ते कर’ असं पंचांना दाखवत असतो.

हे सगळं कोर्सच्या वहीत लिहून मिळतं. पण चौथ्या फेरीत पोराचे हात खाली यायला लागले, की कॉर्नरमधून नेमकं काय ओरडायचं आणि केव्हा गप्प बसायचं, हे वहीतून येत नाही. स्वतःचे हात तसे एकदा तरी खाली आलेले असावे लागतात. क्लिंचमध्ये मान अडकल्यावर श्वास कसा पळतो, हेही तसंच. तेव्हा कोर्स करा, पण पाटीवर ‘फिटनेससाठी’ असं स्पष्ट लिहा. लढायचं म्हणणाऱ्याला दुसऱ्याकडे पाठवण्यात कमीपणा मानू नका.

माझ्या नावावर १४ सामने आहेत, त्यातले नऊ जिंकले. तरी अकादमी म्हणते आधी प्रशिक्षकाची परीक्षा दे. हा अपमान नाही का? (कोल्हापूर)

नाही. तुम्ही कोल्हापूरचे, म्हणून तालमीतलंच बोलतो. गदा आणणारा प्रत्येक मल्ल वस्ताद होतो का? पोरांच्या अंगाला माती लागायच्या आत कोणाचा खांदा दुखतोय हे ओळखणारा डोळा वेगळा असतो.

मुए थायमध्ये तो डोळा पॅड धरताना दिसतो. तुम्ही १४ सामन्यांसाठी हजारो किक मारल्या असतील. पण दुसऱ्याच्या हजार किक अंगावर घेतल्यात का? पॅड धरणारा नुसती गादी धरून उभा राहत नाही. तो अंतर बदलतो, किक झाली की लगेच उलटी टीप देऊन विद्यार्थ्याचा गार्ड वर ठेवायला लावतो. चांगली परीक्षा हे तपासते. शिवाय प्रथमोपचार, डोक्याचा मार, लहान मुलांचं वजन घटवणं. हे न शिकलेला लढवय्या स्वतःला जसं वागवलं गेलं तसंच पोरांना वागवतो आणि त्यालाच परंपरा म्हणतो. परीक्षा द्या.

थायलंडमधल्या गुरूंकडे तरी कुठे प्रमाणपत्रं असतात? (ठाणे)

कॅम्पमध्ये पॅड धरणारा ‘क्रू’ (म्हणजे गुरू) बहुधा आठ-दहा वर्षांचा असताना पहिल्यांदा रिंगमध्ये गेलेला असतो आणि शंभराहून जास्त सामने लढून तिथे उभा असतो. त्याला कागद कोण मागणार? दंडावर बांधतात त्या ‘प्राजियत’च्या रंगांवरून पातळी ठरवणं ही अलीकडची सोय आहे, मुळात ती रक्षणासाठी बांधायची पट्टी. मात्र थायलंडच्या १९९९ च्या बॉक्सिंग कायद्यात लढवय्ये आणि प्रशिक्षक यांच्या नोंदणीची तरतूद आहे, म्हणजे सगळं तोंडीच चालतं असंही नाही.

हिंजवडीकरांचा पुढचा मेल हा लेख लिहिताना आला: ‘एखादा हौशी सामना लढलो तर चालेल?’ चालेल की. तीन फेऱ्यांचा, हेडगिअर आणि शिनगार्ड घालून. वजन मात्र आहे त्याच गटात लढा. ३४ व्या वर्षी पहिल्या सामन्यासाठी पाणी पिणं बंद करून चार किलो उतरवायला जाऊ नका.