वडिलांना रंकाळ्यावर फिरताना घालायला स्मार्टवॉच घ्यायचंय. बीपी, शुगर खरंच मोजतं का?

शुगरचं आधी सांगतो: नाही. सुई न टोचता शुगर दाखवणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता नाही, असं अमेरिकेच्या एफडीएने (औषधं, वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी तिथली सरकारी संस्था) फेब्रुवारी 2024 मध्ये बजावलं होतं. दुकानदार काहीही म्हणू दे.

बीपीचंही जपूनच. सॅमसंगच्या घड्याळात ती सोय आहे, पण दर 28 दिवसांनी दंडाला पट्टा बांधायच्या मशीनशी ताळमेळ घालावा लागतो. म्हणजे मशीन घरात हवंच! हजार-बाराशेच्या घड्याळांचं तर विचारू नका. आमच्याकडचं एक मी गंमत म्हणून केळ्याला गुंडाळलं, तर केळ्याचं बीपी 118/76. माझ्यापेक्षा बरं.

नाडीचे ठोके मात्र चांगली घड्याळं बऱ्यापैकी बरोबर देतात. मागचा हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताची हालचाल टिपतो, त्यामुळे पट्टा मनगटाच्या हाडाच्या जरा वर, घट्टसर बांधायचा. वडिलांचं वय जास्त असेल तर पडल्यावर घरी फोन लावणारं घड्याळ बघा, पैसे तिथं घाला. अंगठ्याही आल्यात, पण बहुतेकींना स्क्रीन नसतो. फिरता फिरता पावलं बघायची झाली तर खिशातून मोबाईल काढावा लागतो.