खोक्याचा कर्ण: मापं तीन, तरी वर्गच का?

तुमच्या मुलीची शंका अशी की, आयताचा कर्ण काढताना दोन मापं म्हणून वर्ग आणि वर्गमूळ, मग इष्टिकाचितीला, म्हणजे खोक्याला, तीन मापं असताना घन आणि घनमूळ का नाही? "सूत्र पाठ कर" म्हणून तिची बोळवण करू नका, शंका चांगली आहे.

आधी तिचंच सूत्र लावून बघा. पुण्यातल्या जुन्या सोसायटीतली छोटी लिफ्ट धरा, आतून 4 फूट लांब, 4 फूट रुंद, 7 फूट उंच. घनांची बेरीज 64 + 64 + 343 = 471, घनमूळ साधारण 7.78. आता नुसत्या एका भिंतीचा कर्ण काढा: 16 + 49 = 65, वर्गमूळ 8.06. म्हणजे खालच्या कोपऱ्यातून समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर भिंतीवरच्या तिरक्या रेषेपेक्षा कमी? इथेच ते सूत्र निकालात निघतं.

खरी रीत म्हणजे पायथागोरस दोनदा. जमिनीच्या कर्णाचा वर्ग 16 + 16 = 32. इथे वर्गमूळ काढायची घाई करू नका, मुलं 5.66 लिहितात आणि पुढे दशांशात अडकतात. 32 मध्ये उंचीचा वर्ग मिळवा: 32 + 49 = 81. कर्ण 9 फूट.

पोरं खरी अडतात ती दुसऱ्या काटकोनापाशी. जमिनीचा कर्ण आणि उभी कड यांतला कोन वहीतल्या चित्रात काटकोन दिसतच नाही, कारण कागद सपाट. पण उभी कड जमिनीला लंब आहे, म्हणजे तिच्या पायथ्यातून जमिनीवर काढलेल्या प्रत्येक रेषेला लंब, फक्त भिंतीलगतच्या दोन कडांना नव्हे. टेबलावर पेन्सिल सरळ उभी धरा आणि तिच्याभोवती गुण्या फिरवून दाखवा. हे एकदा डोळ्यांनी पटलं की वर्ग कुठून आला ते वेगळं सांगावं लागत नाही: खोकं तीन मितींचं असलं तरी दोन्ही काटकोन त्रिकोण सपाटच आहेत.

बोहरी आळीतून आणलेला साडेआठ फुटी पडद्याचा रॉड या लिफ्टमध्ये भिंतीलगत तिरका मावणार नाही, या कर्णावर मावेल. बरोबर 9 फुटांचा मात्र नाही, रॉडला जाडी असते. शिवाय दार आतल्या उंचीपेक्षा बुटकं असेल तर आत घालतानाच कसरत, ते गणितात येत नाही.

परीक्षेत "कर्ण" कुठला विचारलाय ते वाचायला सांगा. पृष्ठांचे कर्ण 12, आरपार जाणारे 4, आणि ते चारही सारखे.

सरावाला 2, 3, 6 (उत्तर 7) आणि 3, 4, 12 (उत्तर 13) द्या. तिला गोडी लागली तर 44, 117, 240 द्या. पृष्ठांचे कर्ण 125, 244, 267, सगळे पूर्णांक. आरपारचा मात्र 270.6 च्या आसपास. तोही पूर्णांक येईल असं खोकं अजून कुणाला सापडलेलं नाही, आणि ते नसतंच असंही कुणी सिद्ध केलेलं नाही.