‘शेवटी देव एकच ना’ म्हणाले आणि चुकले

मी समुपदेशक. आंतरधर्मीय लग्न केलेली जोडपी माझ्याकडे येतात ती सहसा मुलांच्या नावावरून किंवा सासरच्या अबोल्यावरून. ‘आमचा दोघांचा देव एकच आहे का?’ हा प्रश्न बाहेर पडतो तो चौथ्या-पाचव्या बैठकीत, तोही उठता उठता, दाराशी. ही दोघं मात्र तोच घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

ती हिंदू, तो कॅथलिक. लग्नाला नऊ वर्षं. त्याची आई अतिदक्षता विभागात असताना ही रात्रभर बाहेर बसून नामजप करत होती. आई वाचली. घरी आल्यावर सात वर्षांच्या मुलानं विचारलं, “आजीला कुणी बरं केलं? आईच्या देवानं की बाबांच्या?” ती म्हणाली, “अरे, एकच तो.” नवरा काही बोलला नाही. ते न बोलणं तिला लागलं. “मग मी रात्रभर कुणाला हाक मारत होते? भिंतीला?”

इथेच मी घसरले. “शेवटी देव एकच ना,” म्हणाले. लहानपणापासून कानावर पडलेलं वाक्य, आपसूक निघालं. तिनं मान डोलावली. तो जरा वेळानं म्हणाला, “तुम्हा दोघींना हे वाक्य फुकट पडतं. मला त्यासाठी काय सोडावं लागतं, ते कुणी विचारत नाही.”

खरंच होतं. देव येशूच्या रूपानं माणूस झाला, क्रुसावर मेला, पुन्हा उठला, हा त्याच्या श्रद्धेचा गाभा. ‘सगळं एकच’ म्हणताना तो गाभा तपशिलात जमा होतो. समेट घडवायला बसलेली मी नकळत एका बाजूची वकिली करून मोकळी झाले होते.

पुढच्या बैठकीला तयारीनं बसले. ती ‘एकं सत्’, म्हणजे सत्य एकच, असं म्हणेल हे ठाऊक होतं, म्हणालीच. पण ऋग्वेदातल्या त्या ऋचेत नावं येतात ती इंद्र, मित्र, वरुण, अग्नी यांची. परधर्माचा प्रश्न तिथं नाहीच. तिला म्हटलं, त्यापेक्षा गीतेचा नववा अध्याय, तेविसावा श्लोक बघा. श्रद्धेनं दुसऱ्या देवतांना भजणारेही मलाच भजतात, असं कृष्ण सांगतो आणि शेवटी एक शब्द जोडतो, ‘अविधिपूर्वकम्’. म्हणजे रीत सोडून.

मग त्याला विचारलं, बायबलमधला येशूचा प्रेषित पौल अथेन्समध्ये काय म्हणाला? त्याला आठवलं. तिथं ‘अज्ञात देवाला’ असं कोरलेली वेदी होती. पौल म्हणाला, ज्याला तुम्ही न जाणता भजता, त्याचीच मी तुम्हाला ओळख करून देतो.

दोघं एकमेकांकडे बघून हसायलाच लागली. दोन्हीकडे आतिथ्य तेच आणि अटही तीच: तू भजतोस तो माझाच आहे, तुला फक्त नीट कळलेलं नाही!

त्यानं त्याच्या परीनं आणखी शोधलं होतं. 1965 साली कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं इतर धर्मांविषयी घोषणापत्र काढलं. मुसलमान एका देवाची उपासना करतात, असं त्यात सरळ आहे. हिंदूंबद्दल शब्द वेगळे: ते दैवी रहस्याचं चिंतन करतात. ‘आपलाच देव’ असं नाही, ‘दुसरा देव’ असंही नाही. “माझं चर्चसुद्धा तिथं जपून बोलतं,” तो म्हणाला, “मग मी मुलाला एका शब्दात काय सांगू?”

मला शुक्राचा दाखला सुचला. पहाटेची चांदणी आणि सांजेची चांदणी निरनिराळ्या मानणारेही एकाच ग्रहाकडे बघत होते. तत्त्वज्ञांचा हा लाडका दाखला, पण त्यानं तोही खोडला. “आकाश बघत राहून ते ठरवता आलं. आम्ही कुठं बघायचं?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. समुपदेशकाच्या खुर्चीतून ते देता येतं, असं आता मला वाटतही नाही.

विचारायचं होतं ते निराळंच. त्या गप्प राहण्यात काय होतं?

बराच वेळ घेऊन तो तिला म्हणाला, “तुझी हाक पोचली नाही असं मला कधीच वाटलं नाही. ती कुणी ऐकली, हेही मला माहीत आहे असं वाटतं. पण ते नाव घेतलं असतं तर तुझा देव मी हिसकावला असं तुला वाटलं असतं. म्हणून गप्प बसलो.”

ती म्हणाली, “आणि मी ‘एकच’ म्हणाले तेव्हा मीही तेच केलं. तुला न विचारता.”

त्या रात्री दोघांनी मुलाला आपापलं उत्तर सांगितलं, दोन वेगळी. त्याचं समाधान झालं नाही. तो थेट आजीकडे गेला. आजी म्हणाली, शुद्ध आली तेव्हा काचेतून तुझी आई दिसली. तिचे ओठ हलत होते. ऐकू मात्र काही आलं नाही.