हजार वर्षं चीनच्या छायेत राहूनही कोरियन आणि व्हिएतनामी लोक चिनी का झाले नाहीत?

दोघांना एकाच मापाने मोजू नका. उत्तर व्हिएतनामवर इ.स.पू. १११ पासून जवळपास हजार वर्षं चीनची थेट सत्ता होती. ती संपली इ.स. ९३८ मध्ये. व्हिएतनामी सेनानी न्गो क्वेनने तिथल्या बाख डांग नदीच्या तळाशी लोखंडी टोकांचे खांब रोवून ठेवले. भरतीच्या पाण्यात ते दिसले नाहीत आणि ओहोटी लागताच चिनी जहाजं त्यांवर अडकली. कोरियातलं लेलांग हे चिनी ठाणं मात्र ३१३ मध्येच पडलं. पुढे बहुतेक काळ चीनच्या सम्राटाला नजराणा पाठवायचा आणि राज्य आपलं आपण चालवायचं, अशी रीत होती.

माझ्या मते खरं उत्तर भाषेत आहे. दोन्हीकडे विद्वान चिनी लिपीत लिहीत, कन्फ्यूशियसचे ग्रंथ पाठ करून सरकारी परीक्षा देत. कोरियात त्या १८९४ पर्यंत चालल्या, व्हिएतनामात तर १९१९ पर्यंत! पण घरात, शेतात बोली आपलीच राहिली. शब्द आले, व्याकरण हललं नाही. 'देश' या अर्थाचा कोरियन 'कुक्का' आणि व्हिएतनामी 'क्वोक झा' हे एकाच चिनी शब्दाचे उच्चार आहेत.

कोरियाच्या राजा सेजोंगने १४४६ मध्ये सामान्य माणसासाठी हंगुल लिपी जाहीर केली, तीही दरबारातल्या पंडितांचा विरोध पत्करून. वेगळी लिपी तर रानटी लोकांची असते, असं त्यांचं म्हणणं होतं. मला या साऱ्या इतिहासात राजाचा तो निर्णय सर्वांत मोठा वाटतो.