पायाला बांधलेली चिठ्ठी

प्रश्न : आमच्या गावच्या वाड्यात पणजोबांनी मारलेल्या वाघाचं मुंडकं भिंतीवर आहे. परवा भाचा म्हणाला की म्युझियममधल्या असल्या जुन्या कातड्यांतून डीएनए काढतात आणि पूर्वी जंगलात काय होतं ते त्यावरून कळतं. शंभर वर्षांनी खरंच काही उरतं का? आणि आमच्या मुंडक्याचा कुणाला उपयोग होईल का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : उरतं, पण अख्खं नाही. जनावर मेलं की डीएनए तुटायला लागतो आणि शंभर वर्षांनी हातात येतात ते बारीक बारीक तुकडे, त्यातही काही ठिकाणी डीएनएच्या चार अक्षरांपैकी मूळचं 'सी' असतं तिथे वाचणाऱ्या मशीनला 'टी' दिसतं, शिवाय आजवर ज्यांनी ज्यांनी ते कातडं हाताळलं त्यांचा आणि बुरशी-बॅक्टेरियाचाही डीएनए त्यात मिसळलेला. म्हणून हे काम वेगळ्या बंद खोलीत करतात आणि सोबत एक रिकामी ट्यूबही चालवतात, तिच्यात डीएनए निघाला की समजायचं बाहेरचा शिरलाय. पक्षी असेल तर तळपायाची सुकलेली कातडी ब्लेडने चिमूटभर कापून घेतात, समोरून बघणाऱ्याला कळतही नाही. वाघ असेल तर हाड किंवा दाताचं मूळ बरं, कारण कातडं कमावताना डीएनएची बरीच वाट लागते. फॉर्मॅलिनच्या बरणीतला नमुना तर त्याहून छळतो.

पहिल्यांदा हे जमलं १९८४ मध्ये, क्वागाच्या बाबतीत. क्वागा म्हणजे दक्षिण आफ्रिकेतला, पुढच्या अर्ध्या अंगावरच पट्टे असलेला प्राणी, शेवटचा १८८३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या झूमध्ये मेला. जर्मनीत माइन्झच्या म्युझियममधल्या एका कातड्याला सुकं मांस चिकटून राहिलं होतं, त्यातून बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी २२९ अक्षरं वाचली. फक्त २२९, पण हा झेब्र्याच्याच घरातला हे तेवढ्यावरून कळलं. ज्याने ते कातडं काढलं त्याने मांस नीट खरवडलं असतं तर हेही हाती लागलं नसतं, कधीकधी कुणाचा कामचुकारपणाही कामी येतो!

आता तुमच्या वाघाकडे येऊ. इंग्रजांच्या काळात इकडे मारलेले कितीतरी वाघ कातडी-कवट्या होऊन लंडन आणि एडिंबराच्या म्युझियममध्ये जाऊन पडले. सम्राट मंडल, माइक ब्रुफर्ड आणि बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या उमा रामकृष्णन यांनी त्यांचा डीएनए काढून आजच्या वाघांशी ताडून बघितला, २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. जुन्या वाघांत आईकडून येणाऱ्या डीएनएचे जेवढे प्रकार सापडले त्यातले ९३ टक्के आजच्या वाघांत दिसलेच नाहीत. वाघ मोजताना आपण आकडा वाढला म्हणून पेढे वाटतो, पण हे जे गेलंय ते आकडा वाढून परत येत नाही आणि गेलंय हे कळायलाही जुनी कवटीच लागते.

पण त्या कवटीला चिठ्ठी हवी. कुठे मारला, कधी मारला. म्युझियममध्ये प्रत्येक पक्ष्याच्या पायाला दोऱ्याने ती बांधलेली असते आणि माझ्या मते नमुन्याचा निम्मा जीव तिच्यातच असतो. चिठ्ठीच खोटी असेल तर काय होतं ते आपल्या खानदेशातल्या रानपिंगळ्याला, शतकभर कुणाला न दिसलेल्या या छोट्या घुबडाला विचारा. रिचर्ड माइनर्ट्झहागन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने म्युझियममधला जुना रानपिंगळा लांबवला, पुन्हा भरला आणि १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ मिळाला अशी चिठ्ठी लावून दिली. खरा पक्षी जेम्स डेव्हिडसनने १८८०च्या दशकात आपल्या खानदेशात मिळवलेला. चोरी पकडली ती एक्स-रे काढून आणि टाके तपासून, डीएनएने नाही. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि मंडळींनी ती खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून खऱ्या जुन्या नोंदींवरून शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला, दिवसाढवळ्या!

तेव्हा तुमच्या मुंडक्याचा उपयोग होईल का हे त्याच्यामागे काय लिहिलंय त्यावर आहे. लाकडी फळी उलटी करून बघा, म्हैसूरच्या व्हॅन इंगेनकडून भरून आणलं असेल तर त्यांचं लेबल सापडू शकतं. नसेल तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, कुठलं रान, कुठलं साल, आणि ते आजच कागदावर उतरवा. 'पणजोबांनी मारला' एवढ्यावर कुठल्याच लॅबचं भागत नाही, कारण पणजोबा शिकारीला मध्य प्रांतातही गेले असतील की.

दोन गोष्टी मात्र नक्की करा. एक, १९७२च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे याचं मालकी प्रमाणपत्र लागतं, विकता येत नाही, वारशाने आलं तरी ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवायचं असतं, तेव्हा कागद घरात आहेत का ते आधी बघा, नसतील तर वन खात्यात जाऊन विचारा. दुसरी, साफसफाईच्या नादात ते झटकू-पुसू नका आणि पोरांना हात लावू देऊ नका, त्या काळात कीड लागू नये म्हणून कातड्याला आतून आर्सेनिक फासायचे.