पी-पी ओव्हरलॅप म्हणजे पाय बॉन्ड, हे आधी डोक्यातून काढून टाक

तुझे प्रश्न दोन आहेत. फ्लोरिनच्या रेणूत दोन्हीकडून पी ऑर्बिटल (ऑर्बिटल म्हणजे अणूत इलेक्ट्रॉन सापडायची जागा, एस आणि पी हे तिचे प्रकार) असूनही पुस्तकात सिग्मा का लिहिलंय (सिग्मा σ आणि पाय π हे अणूंमधल्या बॉन्डचे दोन प्रकार), आणि पाय बॉन्ड सिग्मापेक्षा वीक असतो तर डबल बॉन्ड सिंगलपेक्षा स्ट्राँग कसा. मी दादरला बरीच वर्षं अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवतेय आणि एस-एस म्हणजे सिग्मा, पी-पी म्हणजे पाय हे जवळपास प्रत्येक बॅचमध्ये ऐकायला मिळतं, नोट्समध्ये एका ओळीत उरकलेलं असतं ना, मुलं तेच पाठ करतात आणि सीईटीला नेमकी तिथेच मार्क घालवतात.

सिग्मा की पाय हे ऑर्बिटलच्या नावावरून ठरतच नाही, ओव्हरलॅप, म्हणजे दोन अणूंची ऑर्बिटल एकमेकांत शिरणं, कुठल्या दिशेने झाला त्यावरून ठरतं. दोन मुठींत दोन पेनं धर, मूठ म्हणजे न्यूक्लियस आणि मुठीच्या दोन्ही बाजूंना निघालेलं पेन म्हणजे पी ऑर्बिटलचे दोन लोब, म्हणजे दोन फुगे, एक अधिक चिन्हाचा आणि एक उणे. आता पेनं आडवी करून टोकाला टोक भिडव, ओव्हरलॅप बरोबर दोन मुठींना जोडणाऱ्या रेघेवर झाला, हा सिग्मा, आणि फ्लोरिनमध्ये हेच होतं. आता दोन्ही पेनं उभी धर, एकमेकांना समांतर. ओव्हरलॅप होईल तो रेघेच्या वर आणि खाली, प्रत्यक्ष रेघेवर इलेक्ट्रॉन सापडायची शक्यता शून्य, हा पाय. एस ऑर्बिटल गोल असतं त्यामुळे त्याचा बॉन्ड झाला तर तो सिग्माच होणार, म्हणून हायड्रोजनमध्ये एस-एस सिग्मा, एचएफमध्ये (हायड्रोजन फ्लोराइड) एस-पी सिग्मा. आणि एक पेन उभं, दुसरं आडवं धरलंस तर? वरच्या लोबशी जेवढा ओव्हरलॅप जमतो तेवढाच खालच्या उलट चिन्हाच्या लोबशी होतो, बेरीज शून्य, बॉन्डच नाही. हा झिरो ओव्हरलॅप बरेच जण वाचतच नाहीत, पण एमसीक्यूला हमखास येतो.

आता ताकद. कार्बन-कार्बन सिंगल बॉन्ड तोडायला साधारण 348 किलोज्यूल प्रति मोल लागतात आणि डबलला साधारण 614. डबल बॉन्ड म्हणजे एक सिग्मा अधिक एक पाय, म्हणजे पायच्या वाट्याला आले ढोबळमानाने 266, सिग्मापेक्षा कमीच. पाय एकट्याने वीक आहे पण इथे तो सिग्माच्या जोडीला आलाय, त्यामुळे एकूण बेरीज वाढली आणि दोन कार्बनमधलं अंतरही 1.54 वरून 1.34 अँगस्ट्रॉमवर आलं. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत.

पाय वीक असण्याचा परिणाम रिॲक्शनमध्ये दिसतो. क्रॉफर्ड मार्केटच्या पेटीत हापूस पिकतो तो आंब्यातूनच निघणाऱ्या इथिलीनमुळे, आणि भाजीवाल्याकडची पॉलिथिनची पिशवी बनते तीही त्याच इथिलीनपासून. पिशवी बनताना प्रत्येक रेणूतला फक्त पाय उघडतो आणि ते इलेक्ट्रॉन शेजारच्या रेणूशी नवीन सिग्मा करतात, जुना सिग्मा जागचा हलत नाही.

फिरण्याचंही तसंच. टोकाला टोक भिडलेल्या पेनांपैकी एक त्याच रेघेभोवती कितीही फिरव, ओव्हरलॅप तेवढाच राहतो, पण उभ्या पेनांपैकी एक नव्वद अंश वळवलंस की पाय तुटला. म्हणून सिस-ट्रान्स (डबल बॉन्डला जोडलेले गट एकाच बाजूला असले तर सिस, विरुद्ध बाजूंना असले तर ट्रान्स) हे डबल बॉन्डमुळे शक्य होतं. आणि हे नुसतं परीक्षेपुरतं नाही हं, तू आत्ता ही अक्षरं वाचतोयस ती डोळ्यातल्या रेटिनल नावाच्या रेणूमुळे, प्रकाश पडला की त्याचा एक डबल बॉन्ड सिसचा ट्रान्स होतो आणि तिथून मेंदूकडे जाणारा सिग्नल सुरू होतो. मला स्वतःला हे दरवेळी शिकवताना तितकंच भारी वाटतं.

पाय व्हायला अणू जवळ यावे लागतात. कार्बन आणि ऑक्सिजन छोटे, बाजूने नीट भिडतात, म्हणून कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन पाय आणि तो सुटे रेणू असलेला वायू. सिलिकॉनचं थ्री-पी (तिसऱ्या कवचातलं पी ऑर्बिटल) मोठं आणि पसरट, ऑक्सिजनच्या टू-पीशी (दुसऱ्या कवचातल्या) बाजूने धड जमत नाही, मग तो चार ऑक्सिजनशी चार सिग्मा करतो आणि वाळूतल्या क्वार्ट्झसारखं अख्खं जाळं तयार होतं.

मोजायची पद्धत सोपी आहे, सिंगलमध्ये एक सिग्मा, डबलमध्ये एक सिग्मा एक पाय, ट्रिपलमध्ये एक सिग्मा दोन पाय. व्हिनाइल ॲसिटिलीन काढून बघ, चार कार्बन, एक डबल, एक सिंगल, एक ट्रिपल. उत्तर सात सिग्मा, तीन पाय. तुझे तीनच सिग्मा आले तर कार्बन-हायड्रोजनचे चार राहिलेत, ते स्ट्रक्चरमध्ये काढून मगच मोज.